बाम्बेर्गच्या मागच्या अंगणात

निघताना सुमन म्हणाली, "किल्ले बघा, चर्च बघा, मॅच बघा. पण तिकडे जाऊन कुणाला नियम शिकवू नका."

बायकोचा हा टोमणा उगाच नव्हता. एकलहऱ्याच्या वसाहतीत मी एकवीस वर्षं फुटबॉलचा रेफ्री होतो. वीजकेंद्रातली नोकरी पोटासाठी, शिट्टी मनासाठी. एका ऑफसाइडवरून सख्ख्या मेव्हण्याशी मी दोन वर्षं अबोला धरला होता, आणि आजही सांगतो, तो ऑफसाइडच होता.

२००६ चा जून. पुतण्या मंदार श्टुटगार्टला नोकरीला लागला होता. वर्ल्ड कप जर्मनीतच होता आणि न्यूरेम्बर्गच्या एका मॅचचं तिकीट त्यानं माझ्यासाठी मिळवलं. त्याचा फोन आला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पंचावन्नाव्या वर्षी पहिला पासपोर्ट काढला. सुमननं चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि जाड स्वेटर बॅगेत कोंबला. जूनमध्ये स्वेटर कशाला म्हणून मी ओरडलो. पुढे तो स्वेटर मी रोज घातला.

फ्रँकफर्टच्या विमानतळावर मंदार भेटला. त्याला रजा नव्हती. त्यानं तिकीट माझ्या खिशात ठेवून खिशाची चेन स्वतः लावली, प्रत्येक गाडीची वेळ कागदावर लिहून दिली आणि मला बानहोफवर (रेल्वे स्थानकावर) सोडून गेला. बाहेर मोटारींना झेंडे, पोरींच्या गालांवर झेंडे. आपल्याकडे गणपतीत असतो तसा माहौल. मला फार बरं वाटलं.

वाटेत व्युर्त्सबुर्गला तीन तास मोकळे होते. टेकडीवर किल्ला, खाली नदी, मधे जुना पूल, पुलावर दगडी संतांची रांग. पुलाजवळच्या नगरभवनातल्या एका खोलीत मी पावसापासून आडोसा म्हणून शिरलो. आत गावाची छोटी प्रतिकृती मांडली होती. पण गाव नव्हतंच, नुसत्या उभ्या भिंती. छपरं नाहीत, खिडक्यांच्या जागी भोकं. महायुद्धाच्या अखेरीस एका बॉम्बहल्ल्यात हे असं झालं होतं म्हणे. बाहेर आलो तर समोर तीच घरं, रंगीत, कौलारू, खिडकीत फुलं. चारपाचशे वर्षांची वाटावीत अशी, आणि त्यातली बहुतेक माझ्याच वयाची. मी कॅमेरा काढला होता, तो पुन्हा आत ठेवला.

बाम्बेर्ग मात्र खरंच जुनं. युद्धातून हे गाव बरंचसं वाचलं. न्यूरेम्बर्गहून तासाभरावर आहे म्हणून मंदारनं इथे एका बाईंच्या घरात खोली घेतली होती. पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि ऊन होतं. नऊ वाजता ऊन! गल्लीत चिटपाखरू नाही, दारं बंद, आणि भिंतींवर पिवळं ऊन. तो उजेड मला कधीच सवयीचा झाला नाही. जाता जात नाही असा उजेड.

घरमालकीण फ्राऊ (श्रीमती) लिंडनर सत्तरीच्या. उंच, काटकुळ्या, इंग्रजी बेताचं. माझ्या हातात किल्ली देण्याआधी त्यांनी एक कागद ठेवला. बूट आत काढायचे. नळ सोडून ठेवायचा नाही. पाहुणा आणायचा नाही, कुठल्याही कारणासाठी नाही. सही करा. मी आनंदानं केली. नियम लिहून देणारी माणसं मला आवडतात. खालच्या बोळाच्या टोकाला, जिथे मागचं दार असायला हवं, तिथे एक भलंमोठं शिसवी कपाट होतं. कपाटाच्या दोन्ही बाजूंनी दाराची चौकट दिसत होती. माझी नजर तिथे गेली तशा त्या म्हणाल्या, "ते दार वापरात नाही."

सकाळी बाहेर पडताना मला ते पितळेचे तुकडे दिसले. दाराबाहेर फरसबंदीत दोन, तळहाताएवढे, नावं कोरलेले, एक बाईचं, एक पुरुषाचं, खाली वीसेक वर्षांच्या अंतराची सालं. मला जर्मन येत नाही, पण हा प्रकार ओळखीचा वाटला. मखमलाबादला आमच्या मळ्याजवळच्या देवळाची पायरी वडलांनी बांधून दिली. तिच्यावर त्यांचं नाव आहे. नाव घालू नका, लोक पाय देतील म्हणून आई भांडली होती. वडील म्हणाले, "त्याच्यासाठीच तं घातलं. येणाऱ्याजाणाऱ्याची पायधूळ लागंल." आम्ही पोरं त्या पायरीवर मुद्दाम दोन्ही पाय ठेवून वर जायचो आणि वडील खूश व्हायचे. तेव्हा मी समजलो, हे घर बांधून देणारे कुणी मायलेक असतील. मोठ्या मनाची माणसं. मी दोन्ही बूट त्या नावांवर नीट घासले आणि हात जोडले. मान वर केली तर समोरच्या बेकरीवरच्या खिडकीत एक म्हातारा बसलेला. मी हात हलवला. त्यानं हलवला नाही. त्याची पापणीही हलली नाही.

गावात फिरलो. नदीच्या मधोमध, पुलावरच बांधलेलं जुनं नगरभवन आहे. भिंतीवर चित्रं रंगवलेली. त्यातल्या एका देवदूताचा एक पाय मात्र खरा, म्हणजे दगडी, चित्रातून बाहेर लोंबतो. बाकीचा देह सपाट, पाय तेवढा आपल्या जगात. लोक हसून फोटो काढत होते. मला तो पाय आवडला नाही. वरच्या कॅथीड्रलमध्ये एक दगडी घोडेस्वार आहे. तो कोण हे म्हणे कुणालाच नक्की ठाऊक नाही. कित्येक शतकं घोड्यावर बसलाय बिचारा, आणि नाव नाही.

जेवायला राऊखबिअर (धुरावलेली बिअर) आणि बटाट्याचे गोळे. बिअरला चुलीवर दूध करपल्याचा वास. गोळ्यांबरोबर मी गुपचूप खिशातली चटणी काढली. शेजारच्या माणसानं पाहिलं, बोटानं चाखली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "फुटबॉल?" त्यानं माझ्या टोपीकडे बघत विचारलं. "फुटबॉल," मी म्हणालो. तेवढंच बोलणं, पण दोघांनाही पुरलं.

त्या दिवशी चार वाजता जर्मनीची मॅच होती. मी घराकडे निघालो तेव्हा गाव रिकामं झालं होतं. भर उन्हात दुकानं बंद, खुर्च्या तशाच मांडलेल्या, एक सायकल भिंतीला टेकवलेली. माझ्याच बुटांचा आवाज मला मोठा वाटत होता. अचानक सगळ्या बंद खिडक्यांमागून एकदम आरोळी उठली, गावभर, आणि एकदम थांबली. गोल झाला हे मला कळलं, तरी अंगावर काटा आला तो आलाच.

खोलीत येऊन पडलो. तेव्हा तो आवाज ऐकला.

धप्प.

मग शांतता, दहा आकडे मोजावेत एवढी. पुन्हा धप्प.

मला हा आवाज कुणी सांगायला नको. भिंतीवर आपटणारा बॉल. तोही आजचा चकचकीत नव्हे, जुना, चामड्याचा, पाणी प्यायलेला. असा बॉल मी लहानपणी खेळलोय, पाय दुखायचे. कोण खेळतंय म्हणून जिन्यातल्या खिडकीशी गेलो. खाली होफ (घरामागचं बंद अंगण) दिसलं. चारी बाजूंनी भिंती, शेवाळ, कपड्यांची एक रिकामी दोरी. कुणी नाही. मी बघत असतानाच समोरच्या भिंतीतून धप्प आला. अंगणात काहीही हललं नाही.

मी विजेच्या धंद्यातला माणूस. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. पण खरं सांगतो, जिना उतरताना मी कठडा धरला होता.

फ्राऊ लिंडनर स्वयंपाकघरात होत्या. मी विचारलं, "मागे कुणाची मुलं खेळतात?"

"या घरात मुलं नाहीत, हेर (श्रीमान) माळी," त्या म्हणाल्या, आणि नळ पूर्ण सोडला. स्वतःचाच नियम मोडून सोडला. पाणी किती तरी वेळ वाहत राहिलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. सकाळी मी पितळेवर बूट घासले, म्हातारा खिडकीत. दुपारी आलो, म्हातारा खिडकीत. चार वाजून गेल्यावर धप्प, दहा आकडे, धप्प. नीट ऐकल्यावर मला हिशेब लागला. कुणीतरी किक मारतं. बॉल भिंतीला लागतो. मग दुसरं कुणीतरी तो उचलून परत टाकतं, म्हणून मधली शांतता. एकटा खेळणारा एवढा थांबत नाही. म्हणजे दोघं होते. हे सुचलं आणि मी चटकन स्वेटर घालून बाहेर पडलो, अंधार पडेपर्यंत परत आलो नाही. आणि अंधार दहा वाजेपर्यंत पडत नाही.

तिसरा दिवस माझ्या मॅचचा. चारची मॅच, एक चाळीसची गाडी. सकाळी टोपी, मफलर असा नटून बाहेर पडलो आणि नेहमीप्रमाणे बूट घासायला लागलो. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. तो म्हातारा काठी टेकत रस्ता ओलांडून आला. चेहरा पांढराफटक.

"का करता तुम्ही हे?" त्यानं इंग्रजीत विचारलं. "रोज बघतोय. का?"

मला वाटलं, चला, कुणीतरी आपली चौकशी केली. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत देवळाची पायरी, वडील, पायधूळ, सगळं हौसेनं सांगितलं. तो ऐकत होता. मी थांबल्यावर त्यानं काठीचं टोक एका तुकड्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"ही माझी आई. हा माझा भाऊ मार्टिन. इथे राहत होते. १९४१ साली त्यांना इथून नेलं आणि मारलं. आम्ही यहुदी. या दगडांना श्टोल्परश्टाईन (ठेच लागण्याचे दगड) म्हणतात. लोकांनी थांबावं, वाकून वाचावं, म्हणून बसवतात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन दिवस मी त्या माउलीच्या नावावर चिखलाचे बूट पुसले होते. मी खाली बसलो आणि रुमालानं दोन्ही तुकडे पुसायला लागलो. "माफ करा," एवढंच म्हणत राहिलो, इंग्रजीत आणि मराठीतही.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या वडलांनी स्वतःहून सांगितलं होतं, पाय द्या म्हणून?"

"हट्टानं."

"माझ्या आईला कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. मग काठी मागे घेत, "तुमचे वडील मला आवडले असते."

त्याचं नाव पीटर. दहा वर्षांचा असताना १९३९ मध्ये त्याला यहुदी मुलांना वाचवणाऱ्या एका गाडीत बसवून इंग्लंडला पाठवलं. सतरापर्यंतचीच मुलं घेत होते. मार्टिन अठराचा, तो राहिला. सदुसष्ट वर्षांनी पीटर पहिल्यांदा परत आला होता. आल्या दिवशी त्यानं या दाराची घंटा वाजवली. फ्राऊ लिंडनरनी दार उघडलं, नाव ऐकलं आणि दार लावलं. तेव्हापासून तो समोर बसून होता. संध्याकाळी सहाच्या गाडीनं तो कायमचा जाणार होता.

"मागचं अंगण एकदा बघायचंय," तो म्हणाला. "पाच मिनिटं. तुमच्याकडे किल्ली आहे."

किल्ली माझ्या मुठीतच होती. पण मी सही केली होती. "चोरून नाही," मी म्हणालो. "मी त्यांना विचारतो."

"त्या नाही म्हणतील."

"मग पुन्हा विचारीन."

फ्राऊ लिंडनर नाही म्हणाल्या. पाचदा नाही म्हणाल्या. सामान उचला आणि निघा, असंही म्हणाल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसलो. बारा वाजले. साडेबारा वाजले. शेवटी त्या टेबलाशी बसल्या आणि ओंजळीत तोंड लपवलं.

"आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मी सहा वर्षांची," त्या म्हणाल्या. "कपाटात त्यांच्या बशा होत्या. पलंगावर त्यांच्या चादरी. आईनं सांगितलं, विचारायचं नाही. तेव्हापासून तो आवाज. वडलांनी ते कपाट दाराला लावलं, तरी येतो. चौसष्ट वर्षं. तुम्हाला येतो ऐकू, मला माहीत आहे." त्यांनी वर पाहिलं. "त्या दिवशी हा माणूस दारात उभा राहिला. मला वाटलं, तोच आला. बॉलवाला."

"तो जिवंत आहे, बाई," मी म्हणालो. "त्याचे गुडघे दुखतात. भुताचे दुखत नाहीत."

त्या हसल्या नाहीत. पण घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "चार वाजता आणा. आवाज चारनंतर येतो. त्यानं ऐकावा आणि मला सांगावं, ते कोण आहे. पण तुम्ही इथे हवेत. तुम्ही नसाल तर मी दार उघडणार नाही."

चार वाजता. म्हणजे माझ्या मॅचची शिट्टी वाजायच्या वेळेला.

खोटं कशाला बोलू, मला रागच आला. कोण कुठले हे लोक! यांच्या सदुसष्ट वर्षांशी माझा काय संबंध? वर खोलीत गेलो, तिकीट काढून बघितलं, पुन्हा ठेवलं. एक चाळीसची गाडी गेली तेव्हा मी खिडकीत होतो. वाईट इतकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पण आईच्या नावावर बूट पुसलेले बघूनही ज्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्याला दाराबाहेर ठेवून मी मॅच बघू शकलो नसतो. टाळ्याच वाजल्या नसत्या माझ्याच्यानं.

चारला दहा कमी असताना पीटर आत आला. फ्राऊ लिंडनर भिंतीला चिकटून उभ्या. दोघं एकमेकांकडे बघेनात. कपाट हलवायला तिघं लागलो. मागच्या दाराचं कुलूप गंजलेलं, ते मी हातोडीनं तोडलं. दार उघडल्यावर आत आला तो नुसता ओल्या दगडाचा थंड वास. पीटर एकटाच अंगणात गेला आणि मधोमध उभा राहिला. आम्ही दोघं उंबऱ्यात.

बराच वेळ काही नाही. लांबून कुठल्या तरी टीव्हीवर मॅचचा गलका येत होता. माझीच मॅच असेल.

धप्प.

पीटर दचकला. मग त्यानं डोळे मिटले. दहा आकडे. धप्प. अंगण रिकामं, दोरी स्थिर, आणि तो म्हातारा हात सोडून ऐकत उभा. फ्राऊ लिंडनरनी माझा दंड घट्ट धरला होता.

"कोण आहे?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं. तेवढं मलाही कळलं.

पीटर इंग्रजीत बोलला, बहुधा मलाही कळावं म्हणून. "मार्टिन त्याच्या संघात सगळ्यांत चांगला गोलकीपर होता. पुढे आम्हाला मैदानावर बंदी झाली, तेव्हा आम्ही इथे खेळायचो, रोज, शाळा सुटल्यावर. तो या भिंतीपुढे उभा राहायचा आणि मी किक मारायचो. बॉल भिंतीला लागला की गोल." तो थांबला. पुन्हा धप्प झाला. "मी लहान होतो. माझी किक त्याला सहज अडवता यायची. तो मुद्दाम सोडायचा. एकेक करून सगळे सोडायचा. निघताना बॉलही त्यानं मलाच दिला. त्यानंतर या घरात बॉल नव्हता."

रेफ्री म्हणून मी हजारो गोल पाहिलेत. असा गोल मला मोजवला नसता. मला रडू आवरेना आणि मी आवरलंही नाही.

मग पीटर भिंतीजवळ गेला, तिला हात लावला आणि जर्मनमध्ये हळू काहीतरी म्हणाला. मी फ्राऊ लिंडनरकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले.

"तो म्हणतोय, पुरे मार्टिन. मी नीट पोचलो. आता तू घरात जा."

आम्ही पाच वाजेपर्यंत थांबलो. आवाज पुन्हा आला नाही. फ्राऊ लिंडनरनी कॉफी केली. पीटरनं कप हातात घेतला, त्याची कड अंगठ्यानं चाचपली, क्षणभर बघितलं आणि कॉफी प्यायला. तो कप कुणाचा होता हे मी विचारलं नाही. जाताना त्यांनी त्याला बशांचा संच देऊ केला. तो म्हणाला, "तुम्ही त्यात जेवलात. राहू द्या." हे क्षमा म्हणून होतं की काय म्हणून, मला आजही ठरवता येत नाही.

नाशिकला आल्यावर वसाहतीत सगळ्यांनी एकच विचारलं, मॅच कशी झाली? बघितली नाही म्हटल्यावर मला वेड्यात काढलं. मेव्हणा तर महिनाभर हसत होता. मी कुणाला फारसं समजावलं नाही. सुमनला मात्र सगळं सांगितलं. ती ऐकताना भाजी निवडायची थांबली होती.

दिवाळीनंतर मंदारच्या पत्त्यावर फ्राऊ लिंडनरचं पत्र आलं. मंदारनं फोनवर वाचून मराठीत सांगितलं. आवाज त्या दिवसापासून बंद आहे. कपाट त्यांनी परत लावलं नाही. रोज चार वाजता दार उघडून, खुर्ची टाकून त्या अंगणात बसतात. काही ऐकू येत नाही. "आयुष्यभर हा आवाज थांबावा म्हणून मी प्रार्थना केली," त्यांनी लिहिलं होतं. "आता घरात मी एकटी आहे. पहिल्यांदाच एकटी आहे. तुम्ही लोक अशा वेळी काय करता?"

मला काही सुचेना. फोन हातात धरून बसून राहिलो. सुमननं विचारलं काय झालं, मी सांगितलं. ती म्हणाली, "त्यात काय सुचायचंय? म्हणावं, चुकून एक ताट जास्त वाढ आणि शेजारच्या कुणाला तरी हाक मार. पाहुणा आणायचा नाही म्हणून कागदावर सही घेते ना? तो कागद आधी फाड म्हणावं."

मी मंदारला म्हणालो, लिही, जसंच्या तसं लिही.